आठ बाटल्या आणि एक ब्रश

पाहुण्याला पाणी दिलं की तो ते पिऊन टाकतो आणि विषय संपतो. पण हातात आलेल्या पाण्याची उलटतपासणी घेणारा माणूस साऱ्या छत्तीसगडात एकच असावा आणि तो नेमका माझाच साडू निघावा, हे माझं नशीब! रायपूर शहराबाहेरच्या एका वीजकेंद्रात साडू पाणी तपासणारे केमिस्ट होते. नोकरी दिवसाची, पण तपासणी चोवीस तास. शंकर नगरला आमच्या घरी आले की स्टीलचा पेला चालायचा नाही, काचेचा ग्लास पाहिजे. तो खिडकीकडे धरायचा, हलवायचा, टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचं. तोवर चहा गार. तो तोंडाला लावून माझ्या बायकोला सांगायचे, "वहिनी, ही साय नोहे, तवंग हाये. चहा चांगला हाये, पाणी जड हाये." बायको स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची आणि ऐकून घ्यायचं मी.

घरातलं घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. माझ्या साहेबांनी नव्या रायपुरात घर बांधलं. वास्तुशांतीला मी हौसेनं साडूंना घेऊन गेलो आणि हे गृहस्थ बेसिनपाशी पाच मिनिटं साबण चोळत उभे. मग भर मांडवात साहेबांना म्हणतात, "तुमच्या बोअरच्या पाण्याले फेसच नाही येत. घरात साऱ्यांचे केस गळत असतीन." साहेबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. माझ्या बढतीचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर होता. मी जिलेबीत तोंड खुपसून बसलो.

पण खरा कहर झाला तो बाटल्यांचा. वीजकेंद्रात तेच तेच पाणी फिरवून यंत्रं गार करतात. ते आटत आटत खारट होतं आणि शेवटी टाकून द्यावं लागतं. हे टाकाऊ पाणी खोल विहीर खणून जमिनीच्या पोटात दाबून सोडायचं, असं वरच्यांनी ठरवलं. साडूंची सही तेवढी बाकी होती. साडू म्हणाले, आधी पाहू. "वरचं पाणी स्वच्छ दिसते, खालचंही स्वच्छ दिसते. पण दोघं भेटले का पांढरा गाळ धरते, भाऊ. गाळानं खडकाची छिद्रं बुजली का पाणी दुसरी वाट काढीन. शेजारच्या गावातली हापशी हाये ना, तिथूनच वर यायचं!"

हे पाहायला दोन्ही पाणी मिसळून आठ बाटल्या महिनाभर कोमट ठेवायच्या होत्या, कारण जमिनीखाली ऊब असते. लॅबमध्ये संध्याकाळी वीज बंद करत, आणि घरातून माझ्या मेहुणीनं त्यांना बाटल्यांसकट बाहेर काढलं होतं. म्हणजे वीज बनवणारा माणूस बाटल्या ऊन ठेवायला आमच्या न्हाणीघरात! गिझरशेजारी टब, टबात बाटल्या, वर आमची लग्नातली रजई. सकाळ-संध्याकाळ गरम पाणी बदलायचं काम माझं. महिना भरेपर्यंत कोणी हलवायचं नाही. शेवटच्या सकाळी गाळाचं माप घेऊन ते तसेच मीटिंगला जाणार होते. आमची पोट्टी रोज कपाळावर हात मारायची, "मौसाजी, ये बोतलें कब हटेंगी? नहाएँ कहाँ?" कामावरून घरी जाताना डोकावणारे मौसाजी रजई सारखी करत म्हणायचे, "बस, थोडे दिवस, बेटा."

मीटिंग सोमवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून पोट्टीला पाहायला पाहुणे येणार! घरात न्हाणीघर एकच, त्यात ही विहीर नांदतेय. माझं डोकंच फिरलं. साडूंनी माप कुठंतरी लिहून ठेवलंच असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं आणि आठही बाटल्या मोरीत ओतल्या. तळाचा थर काही निघेना. मग ब्रश घातला आणि घासघास घासल्या.

सोमवारी सकाळी साडू आले. खिडकीत आठ बाटल्या उपड्या वाळत होत्या. ते बघतच राहिले.

"काहून धुतल्या, भाऊ?"

मी आपली बाजू सांगू लागलो. "अहो, पाहुणे होते. आणि तळाला असा पांढरा थर की काही केल्या निघेना! ब्रश मोडला माझा!"

"मोडला?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग? मी म्हणत नव्हतो?" पुढच्याच क्षणी तो उतरला; थर मोरीत गेला होता आणि माप घ्यायचंच राहिलं होतं. त्यांनी मोडका ब्रश कागदात गुंडाळला आणि तेवढाच घेऊन मीटिंगला गेले.

तिथं सगळे हसले. बाटल्यांचं काय झालं, असं विचारल्यावर साडू म्हणाले, "माझ्या हातून सांडल्या." हे मला पुढे त्यांच्या लॅबमधल्या माणसाकडून कळलं. साडूंनी सही केली नाही. त्यांना गोदामात बसवलं आणि सही दुसऱ्यानं केली. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. निवृत्त होऊन ते मुलीकडे अमरावतीला गेले.

वर्षभरात विहीर चोंदली, बंद करावी लागली. मी लगेच त्यांना फोन केला. वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "तोवर पाणी गेलंच ना आत? हापशीचं पाणी कोणी पाहून राहिलं का?"

कोणीच पाहत नव्हतं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या गावात जातो. हापशीवरच्या बाया मला बघून हसतात, "पानी वाले भैया आ गे!" मी पिशवीतून काचेचा ग्लास काढतो, भरतो, उजेडात धरतो आणि अमरावतीला फोन लावतो.

"काय दिसते?"

"स्वच्छ आहे."

"हलवून पाह्यलं?"

"पाहिलं."

"थोडं ठेवा. घाई नका करू."

हा माणूस घरातून कधी एकदा जातो, असं मला व्हायचं. आता हापशीच्या ओट्यावर ग्लास ठेवून, फोन कानाला लावून, ते सांगतील तितका वेळ मी बसून राहतो.