आधी आईचं लगीन

संस्थान विलीन झालं, जव्हारचा दरबार उठला आणि आमच्या बापाच्या डोक्यात शिरलं की माझं लगीन भटजीच्या पोथीनंच लागलं पाहिजे. नवरामुलगा जव्हारला मास्तर. त्याची माणसं आमच्याच जातीची, पण गावात राहून कोट घालायला लागलेली. त्यांचाच निरोप होता, 'भटजी आम्ही पुढे धाडू, बाकी जुनं काही नको.' बापाला आनंदीआनंद. आईचं तोंड मात्र त्या दिवसापासून उतरलं.

जुनं म्हणजे धवलेरी. आमच्याकडे लगीन बाईच लावते, तिला धवलेरी म्हणतात. सगळे विधी तिच्या गाण्यात असतात. आईनं बापाला न विचारता पोशेऱ्याहून तिला बोलावलं. लग्नाच्या सकाळी ती आली, मांडवात टेकली आणि आईबापाकडे बघून तिनं पहिलाच प्रश्न विचारला.

"तुमचां दोघांचां लगीन जालां का?"

आईनं नाही म्हणून मान हलवली. आमच्यात घर आधी मांडतात, लगीन सवडीनं. सवड नाहीच झाली तर पोरं मोठी होतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नियम एवढाच की आईबापाचं लागल्याशिवाय पोरीचं लागत नाही.

"मंग पोरीला हळद कशी लावू?" धवलेरी म्हणाली.

बाप उसळला. "आज व्याही येतील, नि मी या वयात मुंडावळ्या बांधून बसू? पोथीवाला लावील हिचां लगीन."

आई त्याच्यापुढे सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "पोथीवाला लावील नि जाईल. हिच्या पोरांना काय जालां तं मी कोणाला विचारू?"

माझ्या आधीची दोन पोरं तिनं पुरली होती. त्याचं कारण तिच्या मनात हेच राहिलेलं लगीन होतं, हे मला तेव्हा कळलं. आईबापाला हळद लागली नाही तर आईचा जीव जन्मभर टांगणीला. लागली आणि सासरच्यांनी पाहिली, तर वऱ्हाड आल्या पावली जव्हारला परत. मास्तर मला आवडला होता, ते कशाला लपवू?

तेवढ्यात भटजी आले. टेकताच त्यांनी गोत्र विचारलं. बापाला कुठलं माहीत! "ठाऊक नसेल तर काश्यप, असं शास्त्र आहे," म्हणत त्यांनी एका दमात आमची सोय लावली. धीर येऊन बापानं दुसरी अडचणही सांगून टाकली. भटजींनी शेंडी चाचपली.

"कन्यादानाला जोडपं लागतं, एवढं पोथीत आहे," ते म्हणाले. "मी ओढ्यावर संध्येला जातो. माझी संध्या जरा लांबते."

ते दिसेनासे झाले तशी धवलेरीनं गाणं धरलं. बाप दात उपटून घ्यायला बसल्यासारखा पाटावर बसला. आईच्या गालांना हळद लागली, कपाळाला लागली, आणि बाहेर पोरं ओरडली, "वऱ्हाड आलां!"

इतक्या लवकर! आईनं पदरानं तोंड पुसलं. हळद ती, अशी थोडीच जाते? होती त्याहून जास्त पसरली.

विहीणबाई आत आल्या. कडक इस्त्रीचं लुगडं, पायात चपला. आईचे गाल पाहिले, बापाच्या मुंडावळ्या पाहिल्या. आता ही बाई मागं वळणार आणि माझं नशीबही तिच्याबरोबर वळणार, अशी माझी खात्रीच झाली.

"हे काय चाललंय?"

"यांचां लगीन ऱ्हायलां व्हतां," धवलेरी म्हणाली.

विहीणबाईंच्या मागं त्यांचा नवरा कोटाची बटणं चाचपत उभा होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, आईजवळ येऊन बसल्या, आणि जव्हारची ती शुद्ध भाषा सोडून धवलेरीला हळूच म्हणाल्या,

"आमचांबी ऱ्हायलांय. मानाबी हळद लाव."

आई सरकली आणि तिनं त्यांना आपल्या पाटावर जागा करून दिली.