खिशातला गूळ

काल शेजारच्या फ्लॅटमध्ये रंगकाम सुरू झालं, थिनरचा वास जिनाभर पसरला आणि मजल्यावरच्या सगळ्यांनी धडाधड दारं लावून घेतली. मला मात्र भांडुपची आमची खोली आठवली. बाबा रंगाच्या कारखान्यात होते. संध्याकाळी त्यांच्या आधी हाच वास घरात यायचा आणि मी धावत जाऊन त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घालायची. आत कागदाच्या पुडीत गुळाचा खडा असायचा. एकदा त्यांच्यासोबत कामाला असलेले काका चहाला आले आणि सहज बोलून गेले, "वहिनी, कंपनी रोज गूळ देते ते बरंय. छातीत काय बसत नाय." आईने माझ्या चिकट बोटांकडे पाहिलं. "अहो, तो तुम्ही खायचा असतो ना?" खोकला दाबत बाबा हसले, "मला कुठे गोड आवडतं गं!" दुसऱ्या दिवशी आई दारातच उभी राहिली. तिची पाठ वळताच बाबांनी पुडी गुपचूप माझ्या मुठीत दिली. पुढे ते छातीच्या दुखण्यानेच गेले. गुळाने असलं काही थांबत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काल वास पार विरेपर्यंत मी आमचं दार सताड उघडं ठेवलं होतं.