मानेतलं पाखडणं

बायकोला दोनदा भोवळ आली म्हणून डॉक्टरांनी मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करायला सांगितली. मंगळसूत्र काढून तिनं माझ्या हातात दिलं आणि ती टेबलावर आडवी झाली. तपासणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता अजिबात बोलायचं नाही हं, काकू." इतक्या वर्षांच्या संसारात माझं हे सांगायचं धाडस झालं नव्हतं.

त्यांनी मानेवर यंत्र टेकवलं आणि खोलीत आवाज सुरू झाला. कुणीतरी सुपात गहू पाखडत बसावं तसा, एका लयीत. पडद्यावर लाल धार उसळत होती.

"हे मेंदूकडे निघालेलं रक्त," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी बघतच राहिलो. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीत सकाळी एकदा पाणी चढवलं की दिवस भागतो. मेंदूला असं साठवून ठेवता येत नाही; त्याला सारखं ताजंच लागतं, अगदी झोपेतही. म्हणजे ही रुसून गप्प बसते, तेव्हाही आत हे पाखडणं चालूच असणार. आणि मला मात्र या गळ्यात आजवर फक्त मंगळसूत्र दिसलं.

"वाट अगदी मोकळी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज थांबला. माझ्या मुठीतले मणी अजून कोमट होते.

बायको मान पुसत उठून बसली. एवढं रक्त वर कशासाठी चाललं होतं, ते लगेच कळलं.

"अहो, निघताना गॅस बंद केलात ना?"

आता माझ्याच मानेत कुणीतरी जोरजोरात गहू पाखडायला लागलं.