स्वारगेटच्या थांब्यावरचं तिसरं पोट

सॉफ्टवेअर टेस्टिंगवाल्यांना किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा पगार मिळाला, की संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावरही डोळे शोधतच राहतात. मला तर मुळातच नसत्या चौकशा करायची खोड. त्यात आमच्या एचआरच्या नीलिमा मॅडमनी एका शुक्रवारी देशातल्या वाढत्या लठ्ठपणावरच्या माहितीपटाची सीडी आणली, आणि पुढे आम्हाला दुसरा विषयच उरला नाही.

*

फिल्म ट्रेनिंग रूममध्ये, दुपारी चारला. मॅडमनी नेहमीच्या सवयीने समोसे सांगून ठेवलेले. फिल्म संपली, दिवे लागले आणि सगळी मंडळी समोशांकडे पाठ करून उभी राहिली. मी मुद्दाम दाराशी थांबून पाहत होते. एकानेही हात लावला नाही. मला फोन आला म्हणून डेस्कपर्यंत जाऊन आले, तर चाळीसपैकी दोनच उरलेले. ते मी खाल्ले. पण बाकीचे अडतीस कोणी खाल्ले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

*

अशा फिल्मांची एक पद्धत असते. निवेदक गंभीर आवाजात बोलत राहतो आणि पडद्यावरून पोटं चालत जातात. नुसती पोटं. माणसाची लाज राखायची म्हणून कॅमेरा गळ्याच्या वर जातच नाही. तशी पाच-सहा पोटं स्वारगेटच्या बसथांब्यावर रांगेत उभी होती आणि आम्ही सगळे हसत होतो.

प्रकाश आमच्याकडे नवीन, अमरावतीचा. मनात आलेलं तोंडात अडवून ठेवायची त्याला सवय नाही. अंधारात त्याचा आवाज आला, "अरे, हे तिसरं पोट तं आपले सर हायेत नं."

सर म्हणजे गोखले, आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. शनिवार पेठेतले. बोलायचे कमी, पण बोलले की समोरचा दोन दिवस गप्प. ते पहिल्याच रांगेत बसले होते. मागे न वळता म्हणाले, "प्रकाश, इतकं बारीक लक्ष कामात असतं तर रिलीज वेळेवर गेली असती."

*

पण सर 'नाही' म्हणाले नव्हते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रकाशने आणि मी सीडी लावून त्या पोटाशी चित्र थांबवलं आणि सरांशी ताडून बघायला रीतसर टेस्ट केसेस लिहिल्या. निळ्या चौकड्यांचा शर्ट, पास. डाव्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग, पास. वरून चौथं बटण पांढरं, बाकीची तपकिरी, पास.

सर मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"अजून एक केस लिहा," ते म्हणाले. "ते पांढरं बटण कोणी शिवलं?"

प्रकाशने सवयीने तेही लिहून घेतलं.

"मुक्तानं. माझी मुलगी, सातवीत आहे. शाळेत शिवण शिकली आणि घरी येऊन पहिलं बटण माझ्या शर्टाला लावलं. तिच्या शाळेत येत्या गुरुवारी हीच फिल्म दाखवणार आहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही हसलो होतो तशी तिच्या वर्गातली पोरं हसणार, आणि ते बटण त्यांच्यात फक्त तिलाच ओळखू येणार.

*

सरांनी आमच्यासमोरच फिल्मवाल्यांना स्पीकरवर फोन लावला. तेवढा भाग गाळता येईल का, एवढंच विचारलं.

पलीकडची बाई अगदी नम्र. "सर, चेहरा दिसत नाही. त्यामुळे ओळख पटण्याचा प्रश्नच येत नाही."

"अहो, पटली म्हणूनच फोन केलाय."

"मग ते पोट आपलंच आहे, याचा काही पुरावा देऊ शकाल का?"

सरांनी फोन ठेवला.

प्रकाशला फार वाईट वाटत होतं. तो म्हणाला, "सर, गुरुवारी तिले शाळेतच नका पाठवू. ताप हाये म्हणून सांगा."

"पोट माझं," सर म्हणाले, "ताप तिला कशाला?"

*

गुरुवारी सर दुपारीच घरी गेले. शुक्रवारी आले ते एक ड्रॉइंग पेपर घेऊन, आणि तो त्यांनी स्वतःच्या डेस्कसमोर टाचणीने लावला. शाळेत बाईंनी मुलांना फिल्ममध्ये पाहिलेलं काहीतरी काढायला सांगितलं होतं.

मुक्तानं बसथांबा काढला होता. तीच रांग, तीच पोटं, होती तेवढीच मोठी. पण प्रत्येकाला डोकं होतं. एकाला मिशा, एकाला चष्मा, एक जांभई देणारा, एक बस येते का म्हणून मान वाकडी करून बघणारा. तिसरे मात्र हुबेहूब आमचे सर, उजवी भुवई जराशी वर.

आम्ही एकेक डोकं बोटाने मोजून पाहिलं. शेवटी प्रकाशनेच विचारलं, "काय म्हणे मुक्ता?"

सर चित्राकडेच बघत होते.

"म्हणाली, बाबा, बाकीच्यांची डोकी मी अंदाजानं काढलीत. चुकली असतील."