मशीनचा घरजावई

लांब वस्तू हातात आली, की ते आधी डावा डोळा मिटायचे. लाकडाची पट्टी असो, झाडूचा दांडा असो, नाहीतर गवारीची शेंग असो. एक टोक उजव्या डोळ्याशी धरायचं, दुसऱ्या टोकापर्यंत नजर न्यायची आणि निकाल द्यायचा, "पाठ सरळ पायजे. बाकी पाहू मंग."

अमरावतीत आमच्या गल्लीत त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं, आणि समोर माझा छापखाना. त्यांचं म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचं. हे मूळचे तेल्हाऱ्याचे. लग्न झाल्यावर बायकोला तिकडे नेण्याऐवजी स्वतःच इकडे आले. गल्ली त्यांना जवाईबुवा म्हणे. आधीचा 'घर' हा शब्द लोक तोंडावर गाळत आणि पाठीमागे भरून काढत.

आमचे धंदे एकमेकांच्या आधाराने चालायचे. आपल्याकडे माणूस साठीपर्यंत जगला आणि कशात सापडला नाही, तर त्याला मानपत्र मिळतंच. विशेषणं मी जुळवायचो, कोपरे ते जुळवायचे. एकदा एका सत्कारमूर्तीचा फोटो समोर धरून ते मला म्हणाले, "भाऊ, तुमी छापलं 'ताठ कण्याचे'. हा तर पोक काढून बसला हाये."

"छापून झालंय आता."

"मंग मी फ्रेम सरळ करतो. एक तरी सरळ पायजे."

सासऱ्यांना ते रीतीप्रमाणे मामाजी म्हणत. मामाजी दारात स्टुलावर बसलेले असत. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं, तीच दुकानाची तपासणी. फ्रेम तयार झाली की ते चारही कोपऱ्यांवरून नख फिरवायचे. जोडात नख अडकलं तर फ्रेम परत, आणि सोबत दोन शब्द: "पाव्हने, पुना."

'पुना'चं जवाईबुवांना काही वाटत नसे. 'पाव्हने' मात्र लागायचं. एकदा चहा पिता पिता ते मला म्हणाले, "शटर म्या उघडतो, भुसा म्या झाडतो, रात्री कुलूप म्या लावतो. मंग पाव्हना कोन हाये येथं?" हे त्यांनी मला विचारलं. मामाजींना विचारायची छाती गल्लीत कोणाचीच नव्हती.

पुढे दुकानात कोपरे कापायचं विजेचं मशीन आलं. पातं वळवून पंचेचाळीस अंशांवर ठेवायचं, पट्टी मागच्या लोखंडी पाठीला टेकवायची आणि पातं खाली आणायचं. जाड पट्टी छान कापली जाई. पण पातं फिरायला जागा हवी म्हणून ती लोखंडी पाठ मधोमध तुटलेली असते. बारीक सोनेरी पट्टी नेमकी त्या खिंडीत थरथरायची आणि कडेचा टवका उडायचा. मामाजींचं नख सरळ आत. "पाव्हने, पुना."

त्या श्रावणात सासूबाईंच्या फोटोची फ्रेम वाळवीने खाल्ली. ती मामाजींनी स्वतः हातकरवतीने केलेली होती. सासूबाई सवाष्ण गेल्या होत्या, म्हणजे पितृपक्षातल्या अविधवा नवमीला सगळे नातेवाईक जेवायला येणार, आणि भिंतीवर फोटो नाही. मामाजींचे हात आता थरथरत होते. तरी ते म्हणाले, "हिची फ्रेम मशीनवर नाई कापाची." फोटो बिनचौकटीचा कपाटात पडून राहिला. नवमी जवळ येत राहिली.

जवाईबुवा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मशीनच्या तुटक्या पाठीला एक सलग लाकडी पाठ लावायचं ठरवलं. मागच्या भोकांतून स्क्रू, पुढे अखंड फळी. मग पातं त्या फळीतूनच एकदा उतरवायचं. ते आपल्यापुरतीच फट पाडतं, आणि पट्टीला अगदी पात्याच्या दातापर्यंत टेकू मिळतो. "पयला घाव फळीनं घ्यायचा," ते म्हणाले, "मंग पट्टीले टवका जात नाई."

पहिली फळी त्यांनी बाजारातून नवीकोरी आणली. श्रावणाची हवा लागून ती आठवड्यात वाकली. डावा डोळा मिटून ते म्हणाले, "केळं झालं हे." मग ते तेल्हाऱ्याला जाऊन आले आणि येताना आपल्या घरच्या जुन्या पलंगाची सागवानी पाटी घेऊन आले. तिच्यावर त्यांचे आजोबा झोपायचे म्हणे. तिला जे वाकायचं होतं ते वाकून झालं होतं. रंधा मारून त्यांनी ती सरळ केली आणि मशीनला बसवली.

नवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी फ्रेम मामाजींच्या मांडीवर ठेवली. मशीनवर कापली हे लपवलं नाही. मी मानपत्रं पोचवायचं निमित्त काढून तिथेच उभा होतो. मामाजींनी नख फिरवलं. एक कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्यावरून दोनदा फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. माणूस निराश झाल्यासारखा दिसला.

"मशीनले हे लाकूड कायचं लावलं?"

"आमच्या पलंगाची पाटी हाये, मामाजी. मशीनची पाठ मधात तुटेल हाये ना."

"म्हंजे तेल्हाऱ्याहून आणून येथं ठोकली."

"हो जी."

"अन घरच्या पाठीच्या जागी घाव खाते."

"हो जी."

मामाजींनी उठून पाटीवरूनही एकदा नख फिरवलं. "मंग हा घरजवाई झाला," ते म्हणाले. मग त्यांनी जवाईबुवांना हाक मारली ती नावाने. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणाले, खिळा घे आणि फोटो लाव. "एका दुकानात दोन घरजवाई कायले पायजे?"

जवाईबुवांनी खिळा घेतला. तो त्यांनी वाकडा ठोकला, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.

मामाजी गेले. पुढे फ्रेमा बाहेरून तयार येऊ लागल्या, आणि जवाईबुवांच्या मुलीने आईबापांना अकोल्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. मशीन परतवाड्याच्या एका सुताराने घेतलं. त्याने पाटीकडे बोट दाखवून सांगितलं, "हे लाकूड काढून घ्या." जवाईबुवांनी एकेक स्क्रू काढला आणि खिशात ठेवला.

मी त्यांना बसवर सोडायला गेलो. पाटी आडवी मावावी म्हणून नवराबायको सर्वात मागच्या बाकावर बसले. बाईंच्या मांडीवर आईचा फोटो, यांच्या मांडीवर पाटी.

कंडक्टर म्हणाला, "सामान वर ठेवा ना, काका."

"सामान नाई, भाऊ," बाई म्हणाल्या. "मायी माय हाये."

"अन ते लाकूड?"

"हा घरजवाई," ते म्हणाले.

कंडक्टरने दोघांकडे पाहिलं. "अन तुमी कोन?"

"मी आता पोरीच्या घरी राहाले चाललो," ते म्हणाले. "म्हंजे घरसासरा."

बस निघाली. मागच्या काचेतून त्यांच्या पाठीचा वरचा भाग दिसत होता. मी डावा डोळा मिटून पाहिलं. सरळ होती.