मामंजींचे पंचवीस चंद्र

माझ्या परीक्षेच्या तयारीत आमचे मामंजी एका सकाळी दोन वर्षांनी लहान झाले. औषधाचा असा परिणाम कुठल्याच डबीवर छापलेला नव्हता.

झालं असं, की मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला नोकरी करायची लहर आली. देवासात आमच्या घराजवळच एक वृद्धाश्रम आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना वेळेवर देणारी बाई तिथे हवी होती, पण त्यासाठी औषध-सहायकाची परीक्षा पास व्हायला हवं. तीन महिने वर्ग, मग धारला जाऊन लेखी आणि प्रात्यक्षिक. पुस्तक हिंदीत होतं, ते एक बरं झालं. (माझं सगळं शिक्षण हिंदी शाळेत. मराठी मी फडाफडा बोलते, पण वाचायला दिलं की लग्नपत्रिका संपेपर्यंत वरात निघून जाते.)

पुस्तकाचा पहिलाच धडा म्हणजे सही मरीज़, सही दवा, सही मात्रा, सही समय, सही तरीका. आमच्या मॅडमचा सगळा जोर पहिल्यावर. "रोज देखते हो, तो भी पूछो. पूरा नाम, जन्मतिथि. काग़ज़ से मिलाओ, फिर दवा दो."

सरावासाठी घरात मरीज़ एकच होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर. त्यांना सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी लागते आणि त्यानंतर अर्ध्या तासाने चहा; दुपारी जेवणानंतर रक्तदाबाची वेगळी गोळी. मी वहीत तक्ता आखला, त्यांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख वर लिहिली आणि गोळी घेऊन समोर उभी राहिले.

"आपलं पूर्ण नाव?"

मामंजींनी पेपर खाली केला. "सूनबाई, बरं वाटत नाहीये का?"

"सराव आहे, मामंजी."

"वामन केशव."

"जन्मतारीख?"

"एक जुलै." पुढे त्यांनी साल सांगितलं. जुळलं. मी गोळी दिली.

आठवडाभर असंच सुरळीत चाललं. आठव्या दिवशी त्यांनी नाव सांगितलं, "राजा भोज, धारवाले." मी गोळी परत डबीत ठेवली. त्या दिवशी चहा वीस मिनिटं उशिरा झाला आणि राजा भोज पुन्हा आमच्या घरी आला नाही.

याच दिवसांत धारला मामंजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची धामधूम चालली होती. माणसाने ऐंशी वर्षं आणि वर काही महिने पुरे केले की हजार पौर्णिमा पाहून होतात, त्याचा सोहळा. वन्सं, म्हणजे माझी धारची थोरली नणंद, सगळं एकहाती बघत होती. हॉल ठरला होता, पत्रिका पार लोहारद्या-सतवासकडच्या गावांपर्यंत गेल्या होत्या. सोहळा रविवारी आणि माझी परीक्षा सोमवारी, त्याच गावात. मामंजी दोन महिने भाषण लिहीत होते. त्याची अकरा पानं झाली होती.

आदल्या मंगळवारी सकाळी वन्संचा फोन आला. माझ्या हातात गोळी, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. ती पाहुण्यांची नावं वाचत होती आणि मी मामंजींना विचारत होते.

"जन्मतारीख?"

"एक जुलै," मामंजी म्हणाले आणि त्यांनी सुस्कारा सोडला. "पण ती काही माझी नव्हे, सूनबाई. ती शाळेतल्या गुरुजींनी लिहिली. त्या काळी निम्मा वर्ग एक जुलैला जन्मलेला असे."

शहाण्या बाईनं हसून गोळी दिली असती. माझी परीक्षा सहा दिवसांवर होती.

"मग खरी कोणती?"

"गोळी दे आधी."

"तारीख जुळल्याशिवाय देता येत नाही, मामंजी."

"अगं, चहा गार होत असेल."

"चहा अजून टाकलाच नाहीये."

त्यांनी गॅसकडे पाहिलं. सत्तर वर्षांत ज्या माणसानं चकार शब्द काढला नव्हता, तो एक कप चहासाठी मोडला. "आषाढ शुद्ध तृतीया. आणि साल दोन वर्षं पुढचं. थोरल्या भावाबरोबर शाळेत सोडता यावं म्हणून वडिलांनी वय वाढवून सांगितलं होतं."

मी तक्त्यावर पेन्सिलीनं वजाबाकी केली. "म्हणजे तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे."

ओट्यावरच्या फोनमधली पाहुण्यांची यादी मधेच थांबली. मग त्यातून वन्संचा बारीक आवाज आला, "बाबा काय म्हणाले?"

तासाभरात तिनं भटजींना गाठलं आणि मग मला फोन केला. "भटजी म्हणतात, मोजणी हजाराची आहे, सुमारे पंचवीस चंद्र कमी पडतायत. आता पाच दिवसांत पंचवीस चंद्र मी कुठून आणू? तुझ्या परीक्षेपायी बाबा दोन वर्षांनी लहान झाले." एवढं बोलून तिनं माझ्याशी अबोला धरला. (अबोला धरल्याचं सांगायला तिनं संध्याकाळी पुन्हा फोन केला.)

आमच्या ह्यांनी तोडगा काढला. "कुणाला कळणार आहे, बाबा? बसा पाटावर."

"पस्तीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडल्या," मामंजी म्हणाले. "आता मीच खोटं वय सांगून पाटावर बसू?"

त्यांनी भाषणाची पानं घडी करून कपाटात ठेवली. दुपारी अर्धीच पोळी खाल्ली. गोळीच्या वेळी मी काही न विचारता डबी पुढे केली, तर स्वतःहून म्हणाले, "वामन केशव. तारीख तुला ठाऊक आहे." तेव्हा मला फार वाईट वाटलं. पाठ केलेला पहिला धडा मी तेवढ्यापुरता विसरले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चंद्र माझे भरलेत."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"ऐंशी पुरी होऊन नऊ महिने झाले मला. माझी तारीख खरी आहे. माझं वय कुणी विचारलंच नाही कधी."

"पण तुम्ही दोघं एकाच वयाचे ना?" ह्यांनी विचारलं.

"कागदावर. कागदावर हे माझ्यापेक्षा पंधरा दिवसांनी मोठे. खरे दोन वर्षांनी लहान."

मामंजींचा चष्मा नाकावर घसरला. "तुला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या महिन्याभरात तुमच्या आईनंच सांगितलं. मी म्हटलं, राहू दे. बायको मोठी आहे हे कबूल करावं लागलं, तर माझ्यावर आवाज चढवताना बिचाऱ्यांना अवघड होईल."

छप्पन्न वर्षं दोघांनी एकच गुपित एकमेकांपासून जपलं होतं, आणि मी ते एका गोळीसाठी बाहेर काढलं होतं.

मग सगळं उलटं फिरलं. सोहळा आईचा केला तर चालेल का, असं वन्संनी भटजींना विचारलं; ते म्हणाले, चंद्र भरले असतील तर आमची काहीच हरकत नाही. बॅनर मात्र छापून टांगलेला होता. हॉलचा माणूस ह्यांना म्हणाला, "भिया, टेंशन मत लो. 'श्री.' के ऊपर 'सौ. इंदिरा' की पट्टी चिपका दो, आगे वामनराव है ही." रविवारी बॅनरवर फोटो मामंजींचा आणि नाव सासूबाईंचं, अशा थाटात सोहळा झाला.

ओवाळणं झाल्यावर मामंजी बोलायला उभे राहिले. कपाटातून पुन्हा काढलेली अकरा पानं खिशातच राहिली. ते वळले, हळूहळू वाकले आणि सगळ्यांदेखत सासूबाईंच्या पायांना त्यांनी हात लावला.

"अहो, लोक बघतायत," सासूबाई पुटपुटल्या.

"बघू देत. मोठ्यांना नमस्कार करावा, हे मी जन्मभर मुलांना शिकवलं."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "पुरे. दुपारची गोळी घेतलीत का?" वन्संनी पंगतीत माझ्या पानात न विचारता दोनदा श्रीखंड वाढलं. त्यावरून अबोला सुटला हे मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेला गेले. लेखी बरी गेली. प्रात्यक्षिकाला पलंगावर प्लास्टिकचा पुतळा निजवलेला. मी हात धुतले, पुतळ्याला पूर्ण नाव विचारलं आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिले. परीक्षक बाई बराच वेळ थांबल्या. शेवटी म्हणाल्या, "मैडम, ये नहीं बोलेगा." मग मी त्याच्या मनगटावरची पट्टी वाचली, कागदाशी नाव जुळवलं, तारीख जुळवली, गोळी तपासली, ती त्याच्या तोंडात ठेवली, आणि पाणी पाजण्यासाठी डाव्या हातानं मान अलगद वर उचलली. मुंडकं हातात आलं.

परीक्षक बाईंनी आपला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "नाम पूछा, पट्टी देखी, दवा मिलाई, हाथ धोए. सिर के नंबर तो इसमें हैं नहीं," असं म्हणत त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या रुग्णाचं मुंडकं डाव्या काखेत धरून, उजव्या हातानं मी पास झाल्याची सही केली.