सुतळीची गाठ

बोर्डीच्या बाजारात चिंबोऱ्या विकणारी ती बाई नेहमी समुद्राकडे पाठ करून बसते. अंडी धरलेली खेकड्याची मादी हाती आली, की पोटाखालचा काळपट गुच्छ अंगठ्याने चाचपते आणि तिथी न विचारताच सांगते, "परवा सुटतील पिल्लं." मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. तिचा हा ठामपणा मला नेहमीच खटकत आला.

निवृत्तीनंतर मी माझा पहिलावहिला लेख लिहायला घेतला. चंद्राचा उजेड दिसला नाही, तरी चिंबोरीला उधाणाची वेळ आतून कळते का, हा त्याचा विषय. तिच्या घरी एक मादी टबात ठेवून आम्ही वर जाड काळे कापड घातले. दोन दिवस ते उघडायचे नव्हते. कापडाभोवती सुतळी आवळून मी साधी गाठ मारली. का, ते सांगितले नाही.

"पुनवेला या, सर," ती म्हणाली.

पौर्णिमेच्या सकाळी गेलो, तर तिने दारातच सांगितले, "तुमची गाठ हाय तशीच हाय हां. हात नाय लावला कोणी."

मी वाकून पाहिले. समोरची गाठ जाळे विणताना मारतात तशी होती. मला ती मारता येत नाही.

कापड काढले. पाण्यात असंख्य बारीक ठिपके वळवळत होते.

"सुटली ना? मग लिवा की आता!" ती हसली. मी सुतळी गुंडाळून खिशात घातली.

घरी येऊन मी दिवस लिहिला, वेळ लिहिली. 'संपूर्ण अंधारात' हे दोन शब्द मात्र अजून लिहिलेले नाहीत.